दिवा गेला की तवा ठेव

माझ्या बायकोचा माझ्यावर पुरता विश्वास होता, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे 'आलोच'. मागच्या खोलीतून मी 'आलोच' म्हणून ओरडलो की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, "कवा? आज का उद्या?" त्यात टोमणा असायचा, नाही असं नाही, पण तिला खरंच विचारायचं असायचं. तवा कधी ठेवायचा हा तिचा रोजचा प्रश्न होता.

लोहाऱ्यात आमचं घर गावाच्या कडेला आहे. पुढं दोन खोल्या, त्यामागं स्वयंपाकघर, मग अंगण, अन् अंगणाच्या पार टोकाला माझी पत्र्याची खोली. स्वयंपाकघराच्या दारापासून त्या खोलीपर्यंत मोजून अडतीस पावलं. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना विजेचं काम शिकवलं, अन् रिटायर झाल्यावर ही खोली बांधली. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी बोअरच्या मोटारीचे स्टार्टर, पॅनल घेऊन यायचे. ते दुरुस्त करायचो. उरलेल्या वेळात एक पुस्तक लिहायचो. शेतपंपाच्या पॅनलमधला बिघाड कसा शोधायचा, साध्या मराठीत, आकृत्यांसकट. ते अजून पुरं झालेलं नाही अन् आता होईल असं वाटतही नाही.

आकृत्या काढायला लेकीनं एक छोटा संगणक आणून दिला. लेक सोलापुरात असते, शाळेत शिकवते. संगणक म्हणजे काय, तर पत्त्यांच्या कॅटाएवढा एक हिरवा बोर्ड. जुन्या टीव्हीला जोडला, कीबोर्ड लावला की झाला संगणक. त्याच्या कडेला बारीक पिनांची दुहेरी रांग होती. "अण्णा, ह्या पिनांवरनं दिवा, पंखा, काय वाटेल ते चालू-बंद करता येतं," असं लेक जाता जाता बोलून गेली. झालं! माझ्यासारख्याला असलं काही सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

पण दिव्याचं काम मी हौसेनं केलं नाही. ते बायकोच्या सुईपायी करावं लागलं.

तिला शुगर होती. गोळ्यांवर बरीच वर्षं निभावलं, मग डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सांगितली, सकाळ-संध्याकाळ. सुई स्वतःच घ्यायला ती आठ दिवसांत शिकली. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून बजावलं होतं, की सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात जेवण गेलंच पाहिजे. उशीर झाला तर शुगर एकदम खाली येते, घाम फुटतो, माणूस बरळायला लागतो, बेशुद्ध पडतो. मी मान डोलावली. तिनं पण डोलावली.

आता ह्यात अडचण काय, तर ती माझ्याआधी जेवायची नाही. लग्न झाल्या दिवसापासून कधीच नाही. ती कर्नाटकातली, आळंदच्या अंगाच्या एका खेड्यातली. तिची आई तशीच थांबायची, आजी तशीच थांबायची, मग ही कशी जेवेल? मी चिडायचो. "माझ्यासाठी थांबत जाऊ नको, किती वेळा सांगायचं? मला काय कुणी बांधून ठेवलंय का? माझं काम सुटत नसतं मधेच." ती म्हणायची, "न्हाय थांबत." अन् थांबायची. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणजे संध्याकाळची सुई माझ्यावर अवलंबून, अन् मी स्टार्टरच्या कॉइलवर अवलंबून. कधी साडेसातला उठायचो, कधी नवाला. सुई आधी घेतली तर माझा पत्ता नाही. मी आल्यावर सुई घेतली तर अर्धा तास दोघं ताटाकडं बघत बसायचो अन् भाकरी गार. "अण्णा, फोन करून सांगा की साधं," लेक म्हणाली. फोनवर तरी मी काय सांगणार? आलोच.

शेवटी तोडगा तिनंच काढला. एका दुपारी शेंगा फोडत बसली होती, मधेच म्हणाली, "तुमचा तो डबा बंद केला की मग तर उठता न्हवं तुमी?" डबा म्हणजे संगणक. मी म्हटलं, हो, तो बंद केल्यावर तिथं बसून काय करू? "मग डब्यालाच सांगा की मला कळवायला. तुमच्यावर काय माझा भरवसा न्हाय. डबा खोटं बोलायचा न्हाय."

मला लई आवडलं ते. मी तसाच उठून कामाला लागलो.

स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वर एक छोटा लाल दिवा बसवला. तिथून दोन पदरी वायर कपडे वाळत घालायच्या तारेच्या कडेकडेनं पत्र्याच्या खोलीत आणली. संगणक चालू असेतोवर दिवा जळणार, बंद झाला की दिवा जाणार. पहिल्या दिवशी घाईघाईनं बोर्डाच्या चालू विजेच्या पिनेला वायर जोडली, संध्याकाळी संगणक बंद केला, अन् ऐटीत अंगणात आलो. ती दारात उभी. "डबा बंद केला म्हनता, अन् दिवा तर ढणढण जळतोय. मास्तर, नापास झालात की!"

बरोबर होतं तिचं. संगणक बंद झाला तरी अडॅप्टर बोर्डाला वीज देतच राहतो, अन् त्या पिनेवरचा दिवा जळतच राहतो. बोर्ड झोपलाय हे त्या पिनेला कळतच नाही. तीस वर्षं पोरांना शिकवलं, अन् घरच्या परीक्षेत ही गत. मग नीट केलं. दुसरी पिन धरली, जिला संगणकाची आज्ञा कळते. मधे एक रिले, म्हणजे आज्ञेवर चालणारा खटका, बसवला. पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. बंद व्हायची आज्ञा मिळाली की संगणक आधी उघड्या फायली मिटतो, एकेक काम आवरतो, अन् सगळ्यात शेवटी, डोळा मिटायच्या आधी, दिवा मालवतो. पंधरा-वीस सेकंद लागायचे. दोन दिवस खपलो त्याच्यावर.

तिसऱ्या संध्याकाळी सातलाच लाईट गेली. आमच्याकडं लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. मी अंधारात मेणबत्ती चाचपडतोय तोवर अंगणातून हाक आली, "दिवा गेला! येताय का? सुई घिऊ का?"

"अगं थांब! मी बंद नाही केलं, लाईट गेलीय!"

"मग मला कसं कळावं, लाईट गेली का तुमी उठला ते?"

पुन्हा नापास. एक जुनी बॅटरी पडली होती, तिच्यावर बोर्ड अन् लाल दिवा दोन्ही टाकले. त्यानंतर लाईट गेली की अख्खं घर काळंकुट्ट व्हायचं अन् पिठाच्या डब्यावर तेवढा तांबडा ठिपका राहायचा. शेजारीण विचारायची, हे काय हो? तर बायको सांगायची, "आमचे मालक अजून खोलीत हायती, त्याचं निशाण हाय."

मग ठरलं. दिवा गेला की तिनं सुई घ्यायची अन् तवा ठेवायचा. मी हातपाय धुऊन येईतोवर भाकरी तयार. काही झालं तरी दिवा गेल्यापासून अर्ध्या तासात दोघं ताटावर. मी शब्द दिला. 'आलोच' नव्हे, खरा शब्द.

दीड वर्षाच्या वर ते चाललं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात बरी दीड वर्षं होती असं आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं, तेव्हा मी भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचो. संगणक बंद केला, पडदा काळा झाला, की मी खुर्चीत क्षणभर बसून राहायचो. थोड्या वेळानं अंगणाच्या त्या बाजूनं आवाज सुरू व्हायचा, थप थप थप. भाकरी थापल्याचा. तो ऐकला की मी उठायचो. मी इकडं एक बटण दाबतो अन् तिकडं तवा चढतो, ह्याची मला भारीच मिजास होती. आल्यागेल्याला दाखवायचो.

दसऱ्याला तिनं माझ्या हत्यारांच्या पूजेत बोर्डालाही हळदकुंकू लावायला घेतलं. मी ओरडलो, "अगं, पिनांत कुंकू गेलं तर शॉर्ट होईल!" तिनं डब्याच्या झाकणाला बोट टेकवलं. मग स्वयंपाकघरातल्या दिव्यालाही लावलं. "एवढं खरं बोलनारं घरात दुसरं कोन हाय?" म्हणाली. ते कुंकवाचं बोट अजून आहे तिथं, पुसट.

अन् मग ती संध्याकाळ. थंडीचे दिवस होते. साडेसात होत आले होते. मी संगणक बंद केला. फायली मिटल्या, पडदा काळा झाला, तिकडं दिवा गेला असणार. मी चपला पायात सरकवतोय तोवर मागच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली. जवळच्याच खेड्यातला एक शेतकरी, पोत्यात गुंडाळलेलं पॅनल घेऊन.

"मास्तर, मोटार उचलतच न्हाय. हरभरा वाळायलाय. ह्या हप्त्यात रातची लाईट हाय आमाला, आज पाणी न्हाय दिलं तर गेलाच."

मी म्हटलं, सकाळी ये. तो गेला नाही. तसाच उभा राहिला. माझाही हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू? पॅनल समोर दिसलं की मला राहवत नाही, ते व्यसनच आहे. "ठेव टेबलावर," म्हटलं. "पाच मिनिटं बघतो."

संगणक बंद होता, पण टेबलावरची ट्यूब चालू होती. ट्यूबला काय माहीत? मी पॅनल उघडलं. कॉइल बघितली, चांगली. फ्यूज चांगले. ओव्हरलोडचा रिले चांगला. वायर न् वायर तपासली. त्यावेळी अंगणाच्या त्या बाजूनं थप थप येत होतं. मला ते ऐकू येत होतं. हे मी लपवणार नाही. ऐकू येत होतं अन् मी मनात म्हणालो, झालंच, एवढं बघतो अन् उठतो. मग ते कधी थांबलं ते मला कळलं नाही.

शेवटी कॉन्टॅक्टर उघडला तर आत पाल. दोन पट्ट्यांच्या मधे अडकून वाळलेली. पट्टी बसायलाच जागा नाही, मोटार कशी उचलेल? मी काढली, पट्ट्या घासून लखलखीत केल्या, पुन्हा सगळं जुळवलं. शेतकरी हात जोडत गेला. मी खुशीत होतो. ह्या पालीची गोष्ट बायकोला सांगायची, असं ठरवत अंगण ओलांडलं. सव्वा तास झाला होता. दारात पोचेपर्यंत मला त्या सव्वा तासाची आठवणसुद्धा नव्हती.

स्वयंपाकघरात जळका वास होता. तव्यावर एक भाकरी काळीठिक्कर झालेली, खाली गॅस चालू. दोन ताटं वाढलेली, येसर आमटी, शेंगाचटणी, कांदा फोडून ठेवलेला. अन् ती भिंतीला टेकून बसलेली. चेहरा, मान, सगळं घामानं निथळत होतं, ऐन थंडीत. माझ्याकडं बघितलं, पण ओळखीचं बघणं नव्हतं ते. दारात पाहुणा आल्यावर बघतात तसं बघितलं अन् म्हणाली, "बर्री, ऊटा माड्री."

कानडी. या, जेवा. आमच्या संसारात ती माझ्याशी एकदाही कानडीत बोलली नव्हती. लग्नानंतर महिन्याभरात मराठी शिकली अन् कानडी माहेरी ठेवून आली, असं मी गमतीनं म्हणायचो. आता तीच मला ओळखत नव्हती अन् तरी जेवायला बोलावत होती.

साखरेचा डबा समोर असून सापडेना. सापडला तेव्हा निम्मी साखर जमिनीवर सांडली. पाण्यात कालवून तिच्या ओठाला लावली, थोडी गेली, थोडी पदरावर ओघळली. "गिळ गं, गिळ," मी ओरडत होतो. शेजारचे धावत आले, त्यांच्या जीपमधनं दवाखान्यात नेलं. सलाईनमधून ग्लुकोज गेलं. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, छताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् मराठीत विचारलं, "गॅस बंद केला का?"

केला नव्हता. तो शेजारणीनं केला होता.

सकाळी लेक आली. आईजवळ बसली, हात हातात घेतला अन् रडत रडतच रागावली, "आई, ताट पुढ्यात होतं की गं! एक घास खायला काय झालं होतं तुला? हाक तरी मारायची!"

"हाक कशाला?" ती म्हणाली. "दिवा गेला व्हता न्हवं. म्हनलं, आता येतेल, आता येतेल."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी आपणहून बोललो, अन् काय बोललो? म्हणालो, "दिवा बरोबरच गेला होता. त्यात काही बिघाड नाही." आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

बायकोनं मात्र मलाच सावरून घेतलं. "त्येंचं काय न्हाय गं," ती लेकीला म्हणाली. "मीच थांबले. त्येंनी कुठं थांब म्हनलं व्हतं?"

खरंच नव्हतं म्हटलं. आयुष्यभर उलटच म्हणत आलो होतो. मला सोडवायला म्हणून ती तसं बोलली अन् मी पुरता अडकलो.

लेक तिला सोलापूरला घेऊन गेली. "आई आता माझ्याकडं राहील, तुम्हीपण चला अण्णा," म्हणाली. जावईही म्हणाले. लेकीच्या घरी दोन दिवस जावं, कायमचं बिऱ्हाड टाकू नये, हे आमच्यात लहानपणापासून डोक्यात बसलेलं. तेच कारण मी पुढं केलं. खरं कारण वेगळंच होतं. तिच्या समोर ताटावर बसायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मी इथंच बरा. तिला बरं वाटलं की पाठवून दे."

"पाठवते," लेक म्हणाली. "पण अण्णा, तुमचा तो दिवा असताना नाही. तुम्ही काहीतरी करा, मला खात्री पटू दे, मग पाठवते."

एस.टी. गेली. घरी आलो. संध्याकाळी संगणक बंद केला अन् सवयीनं खुर्चीत बसून राहिलो, कान देऊन. बराच वेळ बसलो. शेवटी उठून अंगण ओलांडलं. स्वयंपाकघरात अंधार होता, कारण लाल दिवा मीच मालवून आलो होतो.

मग बरेच दिवस मी संगणक बंदच केला नाही. बंद केला की दिवा जातो, अन् दिवा गेल्यावर तिकडं काहीच होत नाही, हे मला रोज बघायचं नव्हतं. रात्रंदिवस तो दिवा पिठाच्या डब्यावर जळत राहिला. मालक अजून खोलीत आहेत, असं कुणालाच सांगत राहिला. मी पाव-दूध खाऊन झोपायचो, कधी तेही नाही. घरात बोलायला कुणी नाही म्हणून मी रेडिओवर ओरडायला लागलो, बातम्या देणाऱ्या बाईशी भांडायला लागलो. एकदा पॅनल दुरुस्तीला आणणाऱ्या माणसाला उगाच दोन तास बसवून ठेवलं, चहावर चहा पाजला. तो कंटाळून उठला तेव्हा मला माझीच लाज वाटली.

लेकीच्या बोलण्याचा अर्थ मला उशिरा लागला. मी दिव्यातला बिघाड शोधत होतो. वायर, रिले, प्रोग्रॅम, सगळं पुन्हा तपासलं, सगळं ठीक. असंच एका संध्याकाळी टेबलाशी बसलो होतो, अन् मान वर करून ट्यूबकडं बघितलं. लख्ख जळत होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. संगणक बंद झाला की तिच्याकडचा दिवा जायचा. माझ्याकडचा जायचाच नाही. तिनं सुई घ्यायची, तिनं तवा ठेवायचा, तिनं अर्धा तास मोजायचा, सगळे हुकूम तिला. अन् मला? मला काहीच नाही. मी आपला ट्यूबखाली मोकळा. मी दुसऱ्यांच्या पॅनलमधले बिघाड शोधतो म्हणून पुस्तक लिहीत होतो, अन् माझ्या हातनं केलेल्या जोडणीतला हा बिघाड मला दीड वर्ष दिसला नाही.

काम अर्ध्या तासाचं होतं. एकाच्या जागी दोन खटक्यांचा रिले बसवला, ट्यूबची वायर त्यातनं फिरवली, प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. आता संगणक बंद झाला की लाल दिवा अन् ट्यूब दोन्ही एकदम जातात. खोलीत मिट्ट अंधार. पालीचं शेपूट दिसणार नाही, पॅनल कुठलं उघडता! माणसाला उठावंच लागतं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, ते हेच.

तरी मला आशा होती. झोपा केला आहे, बैल परत येईल. काम झालं त्याच संध्याकाळी सोलापूरला फोन लावला. लेकीनं आईकडं दिला. मी पोरासारखा भडाभडा सांगत सुटलो, ट्यूबचं काय केलं, कसं केलं, अंधार कसा होतो, मी कसा साडेसातला बाहेर पडणार म्हणजे पडणारच. "आता माझ्या हातात काही राहिलेलंच नाही बघ," म्हटलं. "आता तू ये. लेकीला सांग, खात्री झाली म्हणावं."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मागं नात कशाला तरी हसत होती, भांडी वाजत होती.

"चांगलं केलं," ती म्हणाली. "पर अंधारात अंगनातनं येताना जपून या. पायरी हाय तिथं."

"ते येतो गं. तू कधी येतेस?"

"आता ऱ्हाऊ द्या मला हितं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. "हितं साडेसात वाजले की पोरगी सुई देती अन् ताट वाढती. नात बाजूला बसती. कुनाची वाट बघायची न्हाय, काय न्हाय. मला बरं वाटतंय वो. लई वर्सांनी बरं वाटतंय."

मी म्हटलं, "बरं."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. महिन्यातनं एकदा मी सकाळच्या एस.टी.नं सोलापूरला जातो अन् संध्याकाळी परत फिरतो. ती अंगानं भरली आहे, चेहऱ्यावर तकाकी आली आहे. मला बघून तिला आनंद होतो, माझ्यासाठी भाकरी टाकते, अन् दुपारचं जेवताना माझ्या बरोबरीनं घास घेते, आधीही कधी कधी. ते बघून मला बरं वाटतं, अन् वाईटही. तिला इतकी वर्षं भूक लागत होती, एवढी साधी गोष्ट होती.

रोज संध्याकाळी मी संगणक बंद करतो. फायली मिटतात, अन् मग लाल दिवा, ट्यूब, सगळं एकदम जातं. मी कपड्यांच्या तारेला हात लावत लावत अंगण ओलांडतो, पायरीशी थांबतो, जपून चढतो. स्वयंपाकघराचं बटण दाबतो. तवा ठेवतो. भाकरी मला आता जमते, कडा फाटतात, पण जमते. ताट वाढून घेतो अन् फोन लावतो.

"जेवलीस का?" मी विचारतो.

"व्हय, कवाच," ती म्हणते.

चाळीस वर्षं मला हाच शब्द ऐकायचा होता, अन् आता रोज ऐकतो. फोन ठेवतो, भाकरी मोडतो, घास हातात धरून बसतो. माझ्यासाठी कुणी उपाशी बसलेलं नाही, हे कळून जेवायची मला सवयच नाही. ती लावून घेतोय.